करंगळीला सोसेल इतकी

"हनुवटी धर त्यांची," आत्या म्हणाल्या, आणि मी धरली.

एका हाताने मामांचं डोकं उशीवर दाबलं. दुसऱ्या हाताने दोन्ही गाल असे आवळले, की मिटलेलं तोंड जरासं उघडलं. मामांचा चालता असलेला डावा हात आत्यांनी स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला होता. त्यांनी चमचा आत सारला. मामांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला, आणि डोळ्यातून पाणी ओघळून कानात गेलं.

"गेली ना आत? झालं तर मग," आत्या त्यांना म्हणाल्या. "प्या, बरं वाटेल."

त्या सकाळी आम्ही दोघींनी मिळून असे सहा चमचे कॉफी त्यांच्या पोटात घातली. सातव्याला त्यांनी मान इतक्या जोरात फिरवली, की कॉफी चादरीवर सांडली. आत्या थांबल्या. पदराने त्यांचं तोंड पुसलं, आणि वाटी घेऊन आत निघून गेल्या. त्या स्वयंपाकघरात रडत होत्या हे मला बाहेर कळत होतं.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यातली. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी उदगीरची, सोलापुरात मेंडगुदल्यांच्या घरी दिलेली. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. माझे मामा, सिद्रामप्पा, रेल्वेत माल बाबू म्हणजे मालधक्क्यावरचे कारकून होते. त्यांची निम्मी नोकरी आंध्रातल्या गुंटकलला गेली, आणि तिकडून ते कॉफीचं वेड घेऊन आले. सकाळी सातला एकदा, दुपारी चारला एकदा. पितळी फिल्टरमधून उतरलेला दाट अर्क, त्यात म्हशीचं उकळतं दूध आणि दीड चमचा साखर. आणि ती कॉफी अशी पाहिजे, की पेला हातात आल्याबरोबर थांबावं न लागता पिता यावी.

हे गणित फक्त आत्यांना जमायचं. दोन पेले घेऊन त्या उंचावरून कॉफी खालीवर करायच्या. मग उजव्या हाताची करंगळी क्षणभर कॉफीत बुडवायच्या. "करंगळीला सोसली की तोंडाला सोसते," असं त्या मला सांगायच्या. मी एकदोनदा करून बघितलं. माझी कधी चटका बसण्याइतकी गरम व्हायची, कधी पार निवून जायची. मग मी तो नाद सोडून दिला. मला चहा लागायचा. आत्यांना तर कॉफीने पित्त व्हायचं, त्या तोंडालाही लावायच्या नाहीत. माझे यजमान राजशेखर सूतगिरणीत पहिल्या पाळीला पहाटेच जात. म्हणजे कॉफी घरात एकाच माणसासाठी व्हायची.

जानेवारीत मामांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. आपण बोललेलं ते डोळे लावून ऐकायचे, पण तोंडातून शब्द म्हणून काही उमटायचा नाही. आत्यांनी सगळं अंगावर घेतलं. पुसणं, कूस बदलणं, मऊ भात भरवणं. पेला गेला आणि वाटी-चमचा आला. कॉफी मात्र चुकली नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मामा दिवसभरात दुसरं काही नीट घेत नसत, पण कॉफीची वाटी पूर्ण संपायची.

मी शाळेत शिकवायची. सकाळची शाळा, त्यामुळे साडेसहालाच घर सोडायची, आणि दुपारच्या शिकवण्या आटोपून संध्याकाळीच परतायची. एप्रिलमध्ये कधीतरी आत्या म्हणाल्या, "विजू, हल्ली हे कॉफी घेईनात बघ." मी म्हटलं, उन्हाळा आहे, नको वाटत असेल. एक मेला शाळेला सुट्टी लागली आणि मी दिवसभर घरी राहू लागले, तेव्हा खरा प्रकार दिसला. आत्या वाटी घेऊन आल्या की मामा ओठ घट्ट मिटायचे. मान भिंतीकडे. डाव्या हाताने आत्यांचं मनगट धरून मागे ढकलायचे. नजर अशी, की मी त्यांच्याकडे बघायचंच टाळायची.

"माझ्या हातचं नको झालंय त्यांना," आत्या म्हणायच्या. "तुझ्या हातचं ताक पितात, पाणी पितात. माझ्या हातचं नको."

ते खरंच होतं. मी ताक नेलं की ते घटाघट घ्यायचे.

त्यांचं तोंड आलं होतं. जीभ लाल, आतल्या गालावर पांढरे पापुद्रे. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या आणि लावायला औषध दिलं, आणि म्हणाले, असंच चाललं तर सलाईन लावावं लागेल, काहीही करून पोटात घाला. राजशेखरना वाटायचं, वडिलांनी जगायचंच सोडलंय. "त्यांनी मनाने ठरवलंय," असं ते मला एकदा गच्चीवर म्हणाले.

म्हणून मी त्या सकाळी हनुवटी धरली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काहीही करून.

त्यानंतर दोन दिवसांनी, सातच्या सुमाराला, मी परातीत कणीक घेऊन बसले होते. आत्या ओट्यापाशी कॉफी करत होत्या. त्यांनी दोनदाच कॉफी खालीवर केली, करंगळी बुडवली, आणि तोंड वाकडं केलं.

"हल्ली लगेच निवतं बाई दूध. पंख्याचं वारं येतंय की काय." असं म्हणून त्यांनी कॉफी पातेलीत ओतली आणि परत गॅसवर ठेवली. कडेने बुडबुडे आले तशी वाटीत काढली. परत करंगळी. "हं, आता बरी आहे."

वाटी दुमडलेल्या फडक्यात धरून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. मी हात धुऊन मागोमाग गेले, कारण आता हे दोघींचं काम झालं होतं. तेवढ्यात खाली गॅसवाल्याने हाक मारली. सिलिंडर आठवडाभर येतो-येतो म्हणत होता.

"मी बघते त्याला. तू दे घालून," आत्या म्हणाल्या. "बघितलंय मी, सोसेल."

मी खाटेच्या कडेला बसले. मामा माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात वाटी बघून त्यांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला, आणि तसाच हवेत राहिला. मी चमचा भरला. त्यांच्या तोंडापर्यंत नेताना तो जरा कलला आणि माझ्या मनगटावर सांडला.

मी ओरडलेच. चमचा खाली पडला. मनगटावर तेव्हाच लाल डाग उठला होता. मला वाटलं, थेंब मोठा पडला म्हणून लागलं असेल. म्हणून वाटीला नुसता ओठ लावून बघितला, आणि ओठ भाजला. तोवर त्या घरात कुणी मामांची कॉफी तोंडाला लावून बघितली नव्हती. दुसऱ्याला द्यायचं उष्टं करायचं नाही, त्यातून आजारी माणसाचं.

मी मामांकडे बघितलं. ते माझ्या ओठाकडे बघत होते.

"आत्या!" मी हाक मारली. "आत्या, वर या. लवकर या!"

त्या जिना चढून धापा टाकत आल्या. "काय झालं? लागलं का त्यांना?"

"ही कॉफी भाजतेय. उकळती आहे."

"काहीतरीच काय. मी आत्ता बघून गेले."

"तुम्ही परत बघा."

त्या चिडल्या होत्या. वाटी त्यांनी माझ्या हातून घेतली, स्टुलावर ठेवली, आणि करंगळी आत घातली. दुसऱ्या पेरापर्यंत. मी वाट बघत होते, की आता त्या हात झटकून काढतील.

त्यांनी काढला नाही.

"कुठं आहे गरम?" त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. बोट आतच होतं. "कोमट आहे ही. तुझंच काहीतरी. दोन वर्षं झाली, तुला अजून कॉफीचा अंदाज येईना, आणि मला सांगतेस..."

त्या बोलत होत्या आणि बोट आत होतं. वाटीवर उन्हाळ्याच्या हवेत दिसेल न दिसेल अशी वाफ होती. मला माझ्याच मनगटाची आग जाणवत होती, आणि समोर ते बोट तसंच, शांत, पाण्यात काठी उभी करावी तसं. मी त्यांचं मनगट धरून हात बाहेर ओढला. वाटी उपडी झाली, कॉफी फरशीवर पसरली.

"अगं!"

"आत्या, बोट बघा. तुमचं बोट बघा."

बोट दोन पेरं लालभडक झालं होतं. मी ते प्रथमच जवळून बघत होते. टोकाकडे ते आत वळलेलं होतं. वात आहे म्हणून त्या सांगायच्या. बाजूला एक जुना फोड फुटून त्याची कातडी सुकली होती, आणि त्याच्याखाली एक नवीन फोड.

"हे कधी झालं?"

"काय की. भांडी घासताना झालं असेल. दुखत नाही ते."

दुखत नाही असं म्हणाल्या, आणि थबकल्या. त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेलं. डाव्या हाताने ते दाबलं. मग बांगडीत अडकवलेली पिन काढली, उघडली, आणि मी काही बोलायच्या आत टोक करंगळीत घातलं. टोचलं म्हणजे नुसतं टेकवलं नाही, घातलं. रक्ताचा थेंब आला. त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. त्यांनी शेजारच्या बोटात घातली. तिथेही रक्त आलं. मग मधल्या बोटाला टेकवली मात्र, आणि "स्स" म्हणून हात मागे घेतला.

पायाखाली कॉफी होती. खाटेवरून मामा हे सगळं बघत होते.

"विजू," त्या अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे मी त्यांना..."

मला माझे हात आठवत होते, मामांच्या गालांवर.

दुसऱ्या दिवशी राजशेखर रजा घेऊन वडिलांजवळ बसले आणि मी आत्यांना घेऊन चामडीच्या डॉक्टरांकडे गेले. म्हातारे गृहस्थ होते, फार कमी बोलणारे. त्यांनी आत्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची वात हातावरून फिरवली. "कुठं लागलं सांगा." आत्या मनगटापर्यंत बरोबर सांगत होत्या. करंगळीच्या बाजूला आल्यावर त्या डोळे मिटून नुसत्या बसून राहिल्या. "लावा ना," म्हणाल्या. डॉक्टर केव्हापासून लावत होते.

मग दोन काचेच्या नळ्या. एकीत गरम पाणी, एकीत गार. त्या बाजूला दोन्ही नळ्या आत्यांना सारख्याच.

डॉक्टरांनी कोपराच्या मागची शीर चाचपली. माझं बोट धरून मलाही दाखवली, दोरीसारखी जाड लागली. दंडाच्या मागे रुपयाएवढा फिकट चट्टा होता. इतकी वर्षं पोलक्याच्या बाहीखाली झाकलेला.

"बाई, हा कुष्ठरोग आहे," ते म्हणाले. "घाबरू नका. औषध आहे, पूर्ण बरा होतो. औषध सरकारकडून फुकट मिळतं. घर सोडायचं नाही, भांडी वेगळी करायची नाहीत. औषध सुरू झालं की तुमच्यापासून कुणाला धोका राहत नाही. फक्त गेलेली जाणीव कदाचित परत येणार नाही. ह्या हाताला जपायचं. गरम काही धरायचं नाही."

मला वाटलं होतं, तो शब्द ऐकून त्या कोसळतील. आमच्या लहानपणी तो शब्द कुणी घरात उच्चारत नसे. आत्यांनी मात्र विचारलं, "किती दिवस झाले असतील, डॉक्टर?"

"रोगाला? चार-पाच वर्षं सहज."

"नाही. बोटाला कळेनासं होऊन."

डॉक्टरांना प्रश्नाचा रोख कळला नाही. "हळूहळू जातं ते. अलीकडचे दोन-तीन महिने असेल. का?"

आत्यांनी पट्टी बांधून घ्यायला हात पुढे केला.

रिक्षात त्या कडेला सरकून बसल्या, माझ्या अंगाला अंग लागणार नाही अशा. मी जवळ सरकले तशा आणखी कडेला गेल्या. "मी मागच्या खोलीत झोपत जाईन आता," म्हणाल्या. "ताट-वाटी माझी वेगळी ठेव. डॉक्टर काही म्हणू देत." मी काही बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला. ऊन रणरणत होतं.

"तुला एक सांगू?" मग त्या म्हणाल्या. "आता गरीब झालेत ते. पण लग्नानंतर गुंटकलला असताना कॉफी जरा गरम झाली की पेला अंगणात भिरकावायचे. एकदा माझ्या अंगावर आला. इथं." त्यांनी गळ्याखाली बोट ठेवलं. "मी कधी उलटून बोलले नाही. शिकून घेतलं नीट करायला. पुढं ते निवळले, मुलगा झाल्यावर. पण ती पाच-सहा वर्षं मी विसरले नाही, आणि तेही विसरले नसणार."

रिक्षा सिग्नलला थांबली. आत्या माझ्याकडे वळल्या. आदल्या दिवशी पिन टोचून घेताना जो चेहरा हलला नव्हता, तो आता पार विस्कटला होता.

"विजू, त्यांना वाटत असेल मी मुद्दाम करते."

मी म्हटलं, "छे, आत्या, असं कसं वाटेल." पण म्हणता म्हणता माझ्या डोळ्यांपुढे मामांची ती नजर आली, ज्या नजरेकडे मी बघायचं टाळत होते. तिला आम्ही हट्ट म्हणत होतो. ती भीती होती.

घरी पोचलो तर मामा जागे होते. राजशेखर उठून उभे राहिले, "काय म्हणाले डॉक्टर?" त्यांच्याकडे न बघता आत्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबल्या. आत आल्या नाहीत. त्यांना बघितल्याबरोबर मामांनी डोळे मिटले आणि ओठ घट्ट केले. हातात वाटी नव्हती, तरी.

"अहो," आत्या म्हणाल्या. "इकडं बघा. काही भरवायला नाही आले."

मामांनी डोळे उघडले.

"माझ्या बोटातली जाणीव गेली आहे. हे बघा." पट्टी बांधलेला हात त्यांनी वर धरला. "मला गरम-गार कळत नव्हतं. मी तुम्हाला रोज भाजत होते आणि मला पत्ता नव्हता. मला महारोग झालाय."

"आई!" राजशेखर म्हणाले.

"तू गप्प बस." त्यांची नजर मामांवरून हलली नाही. "मला एवढंच सांगा. तुम्हाला वाटलं का, मी मुद्दाम करते?"

मामांना मान हलवता यायची. हो-नाही त्यांना नीट सांगता यायचं. ते आत्यांकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा, जेवढा हलत होता तेवढा, आक्रसला. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

राजशेखर वडिलांच्या पायांशी जाऊन बसले.

आत्या उंबरा ओलांडून सरळ खाटेपाशी गेल्या, मामांजवळ बसल्या, आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारली. मायेची नव्हे, चांगली रागाची.

"कसं वाटलं हो? कसं वाटलं तुम्हाला असं? चाळीस वर्षं तुमचं सगळं केलं, आणि मी तुम्हाला भाजून मारीन? बोलता येत नव्हतं, मान्य आहे. पण असं वाटलं कसं?"

त्या ओरडत होत्या आणि रडत होत्या. मामांनी डावा हात उचलला. चाचपडत त्यांचा तो पट्टीचा हात शोधला आणि धरला. आत्यांनी तो सोडवायचा प्रयत्न केला. त्यांनी सोडला नाही. बोलण्याच्या प्रयत्नात त्यांच्या घशातून जे निघत होतं, ते ऐकवत नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

संध्याकाळी कॉफी मी केली. दहा-बारा वेळा खालीवर केली. आत्या मामांच्या उशाशी बसल्या होत्या. मी वाटी घेऊन गेले तशी मामांची मान ताठ झाली. मग मी पहिला चमचा त्यांच्यासमोर स्वतः प्याले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, बारीक नजरेने, मी कुठे कचरते का ते. मग त्याच वाटीतून त्यांचा वेगळा चमचा भरून मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आत्यांकडे बघितलं.

"घ्या," आत्या म्हणाल्या. "तिनं बघितलीय."

त्यांनी तोंड उघडलं. वाटी संपायला अर्धा तास लागला, कारण प्रत्येक चमच्याआधी मला एक प्यावा लागत होता.

आत्यांनी दोन वर्षं औषध घेतलं. रोग पूर्ण गेला, करंगळी वाकडीच राहिली. माझ्या मुलीला त्यांनीच वाढवलं. मामा पुढच्या वर्षी श्रावणात गेले, झोपेत. मी त्यांची माफी मागितली नाही. रोज वाटत होतं, आज मागू. समोर गेले की ते माझ्याकडे चांगल्या नजरेने बघायचे आणि मला ते शब्द काढता यायचे नाहीत.

आत्यांशी त्या महिन्याबद्दल मी एकदाच बोलले. त्या सत्तरी पार केलेल्या होत्या, आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. मी विचारलं, डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं तेव्हा तुम्हाला भीती कशी वाटली नाही?

"वाटली की," त्या म्हणाल्या. "पण ती नंतर." दोन-चार शेंगा फोडून झाल्यावर म्हणाल्या, "महिनाभर माणूस समजत होता की बायको आपल्याला मारतेय. ओरडता येत नव्हतं, उठून जाता येत नव्हतं. रोज दोनदा ती येताना दिसायची. आणि मी त्याला काय म्हणत होते? प्या, बरं वाटेल."

त्यांनी टरफलं सुपात गोळा केली आणि उठून आत गेल्या.